मानसरोवरचा सांधा

लोकसभा हा शब्द लिहिताना चार अक्षरे लागतात: लो, क, स, भा. तोंडाने म्हणताना तीनच उरतात: लोक्, स, भा. क मधला अ गळतो, स मधला टिकतो. उलट का होत नाही, लो-कस्-भा असे कोणी का म्हणत नाही, याचे उत्तर शब्दाच्या जोडणीत आहे. लोक आणि सभा ही दोन पदे जिथे एकमेकांना टेकतात, तो सांधा उच्चार ठरवतो. कागदावर तो दिसत नाही आणि जिभेला तो चुकत नाही. मराठी सामासिक शब्दांचे तुकडे कुठे पडतात आणि जोर कुठे येतो, हे समजून घेताना सुरुवात या सांध्यापासूनच करावी लागते.

आधी साध्या शब्दाचा हिशेब पाहू. देवनागरीतल्या ज्या अक्षराला काना, मात्रा किंवा वेलांटी नाही, त्यात एक अ दडलेला असतो. तो दरवेळी उच्चारला जात नाही. घर हा शब्द घर् असाच म्हटला जातो, मुलगा हा मुल्-गा होतो, गडबड ही गड्-बड् होते. या अर्धवट किंवा न उच्चारलेल्या अ ला जुन्या व्याकरणात निभृत अकार म्हणतात. तो कुठे गळतो याची रीत बरीचशी ठरलेली आहे. शब्दाच्या शेवटून मागे यावे. शेवटचा अ जातो. मग त्याच्या अलीकडे, ज्या अ च्या दोन्ही बाजूंच्या अक्षरांत स्वर उच्चारला जातो, तोही जातो. लगतचे दोन अ मात्र एकदम जात नाहीत. मित्र किंवा कष्ट अशा जोडाक्षरावर संपणाऱ्या शब्दांत शेवटच्या अ ची थोडी छटा राहते. शब्दाच्या पहिल्या अक्षराचा अ तर कधीच गळत नाही, आणि पुढची सगळी चर्चा या एका अपवादावर उभी आहे.

हीच रीत लोकसभेला जशीच्या तशी लावली तर स मधला अ गळायला हवा, कारण त्याच्या एका बाजूला क आहे आणि दुसऱ्या बाजूला भा. तसे झाले असते तर शब्द लोकस्भा असा ऐकू आला असता. तसा तो होत नाही, कारण सभा या पदात स हे पहिले अक्षर आहे. समासात गेल्यावरही त्याचे पहिलेपण जात नाही. बोलणारा माणूस सबंध शब्दाला एक रीत लावत नाही. तो आधी पदे सुटी करतो आणि प्रत्येक पदाला स्वतंत्रपणे लावतो. म्हणून विधान्-सभा, वन्-महोत्सव, राम्-नव्-मी. मिठाईच्या दुकानातली रसमलाई हे तर फारच बोलके उदाहरण आहे. रस आणि मलाई हे ज्याला ठाऊक आहे, तो रस्-मलाई म्हणतो. यंत्रासारखी शेवटून रीत लावणाऱ्याच्या हाती रसम्-लाई लागते, आणि रसम हा तर वेगळाच पदार्थ आहे.

प्रत्येक समासात असा पेच पडत नाही. राजकारण, घरदार, पोटदुखी यांत पदे सुटी करून रीत लावली काय किंवा शब्द सलग धरला काय, उच्चार एकच येतो. दुसरे पद काना, मात्रा किंवा वेलांटी असलेल्या अक्षराने सुरू होत असेल, तर तिथला स्वर मुळातच गळणारा नसतो. पेच उभा राहतो तो दुसरे पद सभा, मलाई, महोत्सव, नगर यांसारखे उघड्या अक्षराने सुरू होत असेल तेव्हा. अशा जागी उच्चार म्हणजे शब्दाच्या घडणीचा पुरावाच असतो. हिंदीतल्या अकारलोपाचा बारकाईने अभ्यास मंजरी ओहाला यांनी केला. हिंदीच्या ध्वनिव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९८३ साली निघाला, आणि पदांची सीमा लक्षात घेतल्याशिवाय या लोपाचे नियम पुरे पडत नाहीत हे तिथेही दिसते. मराठी आणि हिंदीचे या बाबतीत बरेच जमते.

सांधा जिभेला चुकत नाही असे वर म्हटले, तरी तो कायम एकाच जागी राहतो असे मात्र नाही. बोलणाऱ्यांच्या मनात तो सरकू शकतो. मानसरोवर हा शब्द त्याचा उत्तम नमुना आहे.

जयपूरमध्ये राजस्थान गृहनिर्माण मंडळाने वसवलेली मानसरोवर ही मोठी वसाहत आहे. तिथल्या रस्त्यांची नावेही कान देऊन ऐकण्यासारखी आहेत: शिप्रा पथ, रजत पथ, स्वर्ण पथ, वरुण पथ, मध्यम मार्ग. शहराची मेट्रो ३ जून २०१५ रोजी सुरू झाली ती मानसरोवर ते चांदपोल या मार्गावर. पहिल्या टप्प्यातली ही दोन्ही टोके सलग लिहिलेले जोडशब्द आहेत. चांदपोलमधला पोल म्हणजे वेस, मोठा दरवाजा. मधली विवेक विहार, श्याम नगर, राम नगर ही स्थानके मात्र दोन-दोन शब्दांत लिहिली जातात. हिंदीची ही नेहमीची पद्धत आहे. मराठीत रामनगर सलग लिहिले जाते आणि सांधा ओळखण्याचे काम वाचणाऱ्यावर सोपवले जाते. हिंदीच्या पाटीवर ते काम मोकळ्या जागेने आधीच केलेले असते. जयपुरात नगर निगम असते आणि पुण्यात महानगरपालिका, हा फरक नुसत्या नावाचा नाही. लिहिण्याच्या रीतीचाही आहे.

मानसरोवर या नावाचे मूळ कैलासाच्या पायथ्याशी, तिबेटात सुमारे ४,५९० मीटर उंचीवर असलेल्या सरोवराकडे जाते. ब्रह्मदेवाच्या मनातून ते उत्पन्न झाले अशी पुराणकथा आहे, म्हणून त्याचे नाव मानस. मानस नावाचे सरोवर म्हणजे हिशेबाने मानससरोवर. यात दोन स शेजारी येतात आणि त्यातला एक जातो. सारखी किंवा जवळजवळ सारखी दोन अक्षरे लागून आली की एक गळण्याची ही प्रवृत्ती भाषाशास्त्रात समाक्षरलोप म्हणून ओळखली जाते. नाककटा या शब्दाचा नकटा झाला, हे तिचे पुस्तकांत हमखास भेटणारे उदाहरण. मानससरोवरचे मानसरोवर झाले ते याच वाटेने.

स गळल्यावर सांधा कुठे राहिला? व्युत्पत्तीच्या दृष्टीने उरलेला स दोघांचाही आहे. मानसचा शेवट तोच आणि सरोवरची सुरुवातही तीच. पण जीभ असा समाईक स मानत नाही. तिला स कोणाच्या तरी पदरात घालावा लागतो, आणि तिने तो सरोवरच्या पदरात घातला. उच्चार होतो मान्-स-रो-वर्. शेवटून रीत लावली असती तर मा-नस्-रो-वर् झाले असते आणि मूळ मानस शाबूत राहिला असता. तसे कोणी म्हणत नाही, कारण सरोवर हा शब्द सर्वांच्या ओळखीचा आहे आणि त्याचे पहिले अक्षर कोणी दडपत नाही. न मधला अ गळतो, आणि मानसमधून उरतो तो नुसता मान. मानसपुत्र, मानसकन्या, मानसशास्त्र या शब्दांशी ताडून पाहावे. तिथे दुसरे पद वेगळ्या अक्षराने सुरू होते, म्हणून मा-नस् असा उच्चार जसाच्या तसा राहतो. एकाच पदाचे दोन ठिकाणी असे दोन वेगळे नशीब निघाले.

रोमन लिपीत हा फरक डोळ्यांनाही दिसतो. तिबेटातल्या सरोवराचे नाव इंग्रजी नकाशांत पुष्कळदा न नंतरचा अ धरून, मानस शाबूत ठेवून लिहिले जाते. जयपूरच्या मेट्रो स्थानकाच्या नावात तो अ नाही. तिथे जे बोलले जाते तेच लिहिले आहे.

जयपुरात या शब्दाला आणखी एक शेजारी आहे. जलमहाल ज्या तलावात उभा आहे, त्याचे नाव मानसागर. ते आमेरचा राजा मानसिंह याच्या नावावरून पडलेले मानले जाते. मान अधिक सागर, अशी सरळ जोडणी. मानसागर आणि मानसरोवर शेजारी ठेवले तर दोन्ही शब्द एका साच्यातले वाटतात, अर्थही जवळचा वाटतो, आणि उच्चारात दोन्हींचा सांधा मान् नंतरच येतो. पण एकात मान हे राजाचे नाव आहे आणि दुसऱ्यात तो मन या अर्थाच्या शब्दाचा उरलेला तुकडा. कान दोन्हींना सारखेच वागवतो. व्युत्पत्ती वेगळे सांगते. बोलीच्या दृष्टीने कानाचा निकाल ग्राह्य धरायला हवा. शब्द आज जसा बोलला जातो, त्यातला सांधा तोच त्याचा आजचा सांधा.

मराठी माणसाला मानसरोवरसाठी जयपूरला जावे लागत नाही. मुंबईच्या हार्बर मार्गावर पनवेलच्या अलीकडे ओळीने तीन स्थानके येतात: खारघर, मानसरोवर, खांदेश्वर. समासातल्या सांध्याचे तीन प्रकार समजावून सांगायला याहून चांगली रांग सापडणे कठीण. खारघर म्हणजे खार आणि घर; सांधा उघडा, खार्-घर्, दोन पदांची दोन उच्चारी अक्षरे. मानसरोवरमध्ये सांधा सरकलेला. आणि खांदेश्वरमध्ये सांधा सापडतच नाही, कारण खांदा आणि ईश्वर यांचा संधी होऊन आ आणि ई यांचा ए झालेला आहे. दे या एका अक्षरात पहिल्या पदाचा शेवट आणि दुसऱ्या पदाची सुरुवात दोन्ही मिसळलेली आहेत. उच्चार होतो खां-देश्-वर्, आणि देश् या तुकड्याला ना खांद्याशी काही घेणे ना ईश्वराशी. महाबळेश्वर, रामेश्वर, गणेश, सूर्योदय हे सगळे याच जातीचे. संधी झाला की उच्चार पदांना विचारत नाही. शब्द एकजीव होतो. खुद्द सरोवर या शब्दातही सरस् आणि वर यांचा विसर्गसंधी आहे, पण तो जुळून इतका काळ लोटला आहे की आज त्याचे दोन तुकडे कोणाच्या मनात येत नाहीत.

आता आघाताकडे. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही. एखाद्या अक्षरावर थोडा कमी-जास्त जोर पडला तर बोलण्याची लकब वेगळी वाटेल, शब्द दुसरा होणार नाही. जोर साधारणपणे भारदस्त अक्षराकडे, म्हणजे दीर्घ स्वराच्या किंवा व्यंजनाने बंद झालेल्या अक्षराकडे ओढला जातो. शाळेत आघात हा शब्द प्रथम भेटतो तो वृत्तांच्या पाठात. जोडाक्षराचा आघात मागच्या ऱ्हस्व अक्षरावर आला तर ते गुरू धरायचे, नाही आला तर लघू. विप्र म्हणताना वि वर आघात येतो. तुझ्या म्हणताना तु वर येत नाही, म्हणून तो लघूच.

समासात हा आघात सांध्याचे ऐकतो. उपक्रम आणि पशुप्रदर्शन हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत. उपक्रम म्हणताना क दोनदा म्हटल्यासारखा ऐकू येतो, उपक्-क्रम, आणि प जड होतो. पशुप्रदर्शनात तसे होत नाही. शु हलकाच राहतो, क्षणभर जीभ थांबते आणि प्रदर्शन नव्याने सुरू होते. दोन्हीकडे ऱ्हस्व अक्षर आणि पुढे जोडाक्षर, तरी वागणूक वेगळी. उप हा उपसर्ग आहे. त्याला एकट्याला शब्द म्हणून उभे राहता येत नाही, म्हणून तो पुढच्या पदात विरघळतो. पशू आपल्या पायांवर उभा असलेला शब्द आहे. अप्रिय आणि लोकप्रिय यांतही हाच भेद ऐकू येतो: अप्-प्रिय, पण लोक्-प्रिय. संस्कृत छंदःशास्त्राला हा भेद मान्य नाही. जोडाक्षरापूर्वीचा प्रत्येक स्वर त्याच्या लेखी गुरूच. मराठी कान मात्र सांध्यावर आघाताला अडवतो.

आघाताने समासाचा अर्थ पालटण्याची गोष्ट मात्र भारतीय परंपरेला फार जुनी ओळखीची आहे. वैदिक संस्कृतात उदात्त स्वराच्या जागेवरून समास कोणता ते कळत असे. इंद्रशत्रु या शब्दाची कथा प्रसिद्ध आहे. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला. मंत्रात इंद्रशत्रु हा शब्द होता. उदात्त शेवटी आला असता तर तत्पुरुष समास होऊन इंद्राचा नाश करणारा असा अर्थ झाला असता. उच्चार चुकला, उदात्त पहिल्या पदावर गेला, शब्द बहुव्रीही झाला आणि अर्थ उलटला: इंद्र ज्याचा नाश करणारा आहे तो. वृत्र जन्मला आणि इंद्राच्याच हातून मारला गेला. बहुव्रीहीत पहिले पद आपला मूळ स्वर राखते आणि एरवी समासाचा उदात्त शेवटी येतो, हे नियम पाणिनीने नोंदवले आहेत. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी, व्याकरण कशासाठी शिकायचे हे सांगताना, याच शब्दाचा दाखला दिला. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी महाभाष्याचे मराठी भाषांतर केले असल्याने ही सगळी चर्चा मराठीतूनही वाचता येते. वेदाच्या पदपाठात समासाचा सांधा अवग्रहाने दाखवला जाई. म्हणजे सांधा उघड करून ठेवण्याची गरज या भूमीत किती आधी कळली होती, ते दिसते.

आजच्या भाषांपैकी डच भाषेत समास आणि आघात यांचे नाते अजून जिवंत आहे. डचमध्येही मराठीसारखेच जोडशब्द सलग लिहितात. मुख्य आघात बहुतेक वेळा पहिल्या पदावर येतो. नगरभवनाला असलेला स्तातहाउस हा शब्द मात्र दुसऱ्या पदावर जोर घेतो, आणि असे अपवाद पाठच करावे लागतात. एकाच लिखित शब्दाचे दोन सांधे निघण्याची उदाहरणे डच लोकांच्या आवडीची आहेत. एका शब्दात मालिश आणि पलंग ही पदे पाहिली तर तो मसाझ-बेत होतो आणि जोर दुसऱ्या अक्षरावर, सा वर येतो. त्याच शब्दात समुदाय आणि प्रार्थना ही पदे पाहिली तर तो मासा-खबेत होतो, जोर पहिल्या अक्षरावर जातो आणि अर्थ सामूहिक प्रार्थना. अक्षरे तीच, क्रम तोच. दुसऱ्या एका शब्दात चतुर्थांश वळणे आणि गारगोटीचे थर असे दोन अर्थ दडलेले आहेत. स हा कोणत्या पदाचा, एवढाच प्रश्न. मानसरोवरच्या स सारखाच हा प्रश्न आहे. क्रियापदांत तर आघात एकट्याच्या बळावर अर्थ फिरवतो: फोरकोमन या क्रियापदात जोर पहिल्या अक्षरावर दिला तर घडून येणे, दुसऱ्यावर दिला तर टाळणे. गोंधळ होण्यासारखा असेल तिथे सांध्यावर छोटी आडवी रेघ द्यायला डच लेखननियमांची मुभा आहे.

मराठीत असा गोंधळ आघाताने निर्माण होत नाही, पण डोळ्याने होतो. लोकलढा हा शब्द मुंबईच्या वाचकापुढे आला की डोळा आधी लोकल वाचतो आणि ढा पाशी अडखळून मागे फिरतो. लोकलज्जेचेही तेच. आपल्या अलंकारशास्त्राने यातूनच सभंग श्लेष घडवला. एकच शब्द दोन जागी तोडून दोन अर्थ काढायचे. कवितेत ती शोभा ठरते. बातमीच्या मथळ्यात ती वाचकाच्या वाटेतला धोंडा होते.

मराठी लेखननियमांनी सांध्याची एका ठिकाणी चांगली दखल घेतली आहे. कवी, गुरू, बुद्धी हे तत्सम शब्द एकटे असताना दीर्घ लिहायचे आणि समासात पहिल्या जागी आले की मूळचे ऱ्हस्व ठेवायचे: कविराज, गुरुदक्षिणा, बुद्धिवैभव. मुळात दीर्घ असलेला लक्ष्मीपुत्र दीर्घच राहतो. देशी शब्दांत नियमापेक्षा कानाचे जास्त चालते. मीठभाकर, पीकपाणी, ऊसतोड, वीटभट्टी यांत पहिले पद आपली लांबी सोडत नाही, कारण दोन्ही पदे अजून वेगवेगळी जाणवतात. फुलपाखरू, फुलदाणी यांत फूल आखूड झाले आहे. पाखरू फुलावर बसते हे कळते, पण शब्द उच्चारताना फूल वेगळे आठवत नाही. पद एकजीव होऊ लागले की त्याचा स्वर आकसतो. ऱ्हस्व-दीर्घाचा कंटाळा करणाऱ्या विद्यार्थ्याला हे कारणासह सांगितले, तर तो नियम त्याच्या जास्त लक्षात राहील.

सांध्याचे सर्वांत रोजचे काम पडते ते ओळीच्या शेवटी. वर्तमानपत्राच्या अरुंद स्तंभात शब्द मावत नाही तेव्हा संयोगचिन्ह देऊन तो तोडावा लागतो. अक्षरे मोजून तोडणाऱ्या यंत्राला विधानस- आणि भा यात काही वावगे दिसत नाही. वाचणाऱ्याला ते खटकते, कारण ओळीच्या टोकाशी त्याची जीभ मनातल्या मनात चुकीचा अ गिळून बसलेली असते. डच भाषेची अधिकृत शब्दसूची शब्द कुठे तोडता येतो हेही दाखवते, आणि जोडशब्द तोडताना तिथे सांधा पाळला जातो. मराठी शब्दकोशांत अशा खुणा सहसा नसतात. ज्या कोशकाराला नवी आवृत्ती काढायची असेल, त्याने निदान उघड्या अक्षराने सुरू होणाऱ्या उत्तरपदांपुढे ही खूण घालावी. वाचून दाखवणाऱ्या यंत्रांनाही ती उपयोगी पडेल, कारण रसमलाईचा उच्चार चुकतो तो नेमका तिथेच.

तोवर छापणाऱ्याने एवढे पाळले तरी पुरे: विधान- आणि सभा, महानगर- आणि पालिका, मान- आणि सरोवर. खांदेश्वर आणि महाबळेश्वर यांसारखे संधी झालेले शब्द मात्र तोडूच नयेत. ते सबंध पुढच्या ओळीवर न्यावेत.